हॅलोविनचा वेश घरच्या घरी: परकराचा भोपळा, फुग्यांचा घड आणि रंगवलेला सापळा

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे. २०२६ मध्ये तो शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. यात फायदा आहे आणि अडचणही आहे. फायदा असा की साफसफाईत जुने परकर, विटक्या चादरी, ताणलेले बनियन आपोआप कपाटाबाहेर येतात. अडचण अशी की सांगली-साताऱ्यातला एकही शिंपी त्या पंधरवड्यात तुमच्या 'एवढीशी टीप मारून द्या'ला भीक घालत नाही. म्हणून खाली दिलेलं सगळं सुई-दोरा, कात्री आणि फेविकॉलवर होतं. मशीन असेल तर काम लवकर उरकेल, एवढंच.

सोसायटीतला किंवा शाळेतला कार्यक्रम संध्याकाळचा असतो आणि मूल तिथे दोन-तीन तास असतं. त्यामुळे वेश ठरवताना आधी हे बघा: मुलाला त्यात बसता येतं का, पाणी पिता येतं का, आणि कोणाच्या मदतीने का होईना पण दोन मिनिटांत बाथरूमला जाता येतं का? यातलं एक जरी जमत नसेल, तर अर्ध्या तासात वेश आईच्या हातात आणि मूल नुसत्या बनियनवर, हे ठरलेलं. दुसरं म्हणजे वेश लांबून ओळखू येतो तो त्याच्या आकारावरून. बारीक कलाकुसर पाच फुटांवरून कोणाला दिसत नाही. भोपळा गोल दिसला पाहिजे, घड वर रुंद आणि खाली निमुळता, सापळ्याच्या फासळ्या वाकलेल्या. पैसे आणि वेळ तिथे घाला. बाकी घरात असेल ते चालतं.

परकराचा भोपळा (वय साधारण ४ ते ७)

या वेशासाठी कळ्यांचा परकर लागतो, सरळ शिवलेला नको. केशरी, शेंदरी किंवा गडद पिवळा चालेल. सहा कळ्यांच्या परकराला उभ्या सहा शिवणी असतात आणि भोपळ्याच्या फाका पाडायला नेमक्या त्याच कामाला येतात. नेफा आणि नाडी तयारच असते. नवा घ्यायची वेळ आलीच तर सांगलीत कापड पेठ, साताऱ्यात खण आळी. पण सुती घ्या. नायलॉनचा परकर गरम होतो आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतो. दिवाळीच्या तोंडावर बाहेर फटाके चालू असतात, हे विसरू नका.

परकर सुलटा ठेवून खालचा घेर आतल्या बाजूने वर दुमडत न्या, तो नेफ्याच्या खालच्या टिपेला भिडेपर्यंत. साधारण ९० सेंटीमीटर लांबीच्या परकराची ४५ सेंटीमीटरची दुहेरी पिशवी तयार होते. पाच वर्षांच्या मुलाच्या काखेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत ती बरोबर बसते. परकर खाली रुंद असल्यामुळे आतला थर वरच्या बाजूला जास्त भरेल. ते जास्तीचं कापड प्रत्येक कळीत एक-दोन चुण्या घालून टाचण्यांनी नेफ्याला टाचून ठेवा. शिवू नका, कारण भरण तिथूनच घालायचं आहे.

आता प्रत्येक कळीच्या शिवणीवरून, वरपासून खालच्या दुमडीच्या चार सेंटीमीटर वरपर्यंत, दोन्ही थरांतून धावदोरा घाला. टाका सेंटीमीटरभर लांब चालतो. दोरा दुहेरी आणि तपकिरी घ्या, म्हणजे फाकांची रेघ उठून दिसते. सहा शिवणी झाल्या की सहा उभे कप्पे तयार.

खालच्या दुमडीपासून दोन सेंटीमीटरवर गोल टीप घाला आणि आतल्या थराला छोटी चीर देऊन त्यातून इलॅस्टिक ओवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. इलॅस्टिक घट्ट झालं की खालून गोलाई सुरेख येते, पण मूल चालायच्या ऐवजी उड्या मारत जातं आणि पहिल्या पायरीवर आपटतं. मुलाला पाय थोडे फाकवून उभं करा, दोन्ही मांड्यांभोवती मिळून माप घ्या आणि त्यात १५ सेंटीमीटर वाढवा. खालचा घेर सैल दिसला तरी चालेल, भरण घातल्यावर तो भरून निघतो.

भरणासाठी वर्तमानपत्र फुकट मिळतं. प्रत्येक कप्प्यात पूर्ण उघडलेल्या तीन-चार पानांचे सैल चुरगळलेले गोळे पुरतात, सगळे मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर वजन होतं. कागदाचा दोष एकच, एकदा दबला की परत फुगत नाही. मूल खुर्चीत बसून उठलं की मागून भोपळा चपटा. म्हणून मागचे दोन कप्पे अगदी कमी भरा, आणि जमलं तर गादीच्या दुकानातून फोमचा चुरा आणा. तो हलका असतो, दाबला तरी पुन्हा वर येतो आणि चुरचुर आवाजही करत नाही. कापूस भरू नका, जड होतो आणि उकाड्याने मूल बेजार होतं. जुन्या ओढण्यांचंही तेच.

भरून झालं की टाचण्या एकेक काढत आतला थर नेफ्याला हाताने शिवून घ्या. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. नाडी काखेखाली बांधायची, पण नुसत्या नाडीवर अर्धा किलो वजन टिकत नाही, सरकत खाली येतं. जुन्या साडीच्या काठाचे दोन पट्टे पुढून खांद्यावरून मागे नेऊन शिवा, आणि मागे दोन्ही पट्ट्यांना जोडणारी एक आडवी पट्टी लावा. ती नसली तर पट्टे खांद्यावरून घसरतात.

डोळे, नाक आणि दातांचं तोंड काळ्या कापडाचं कापून फेविकॉलने चिकटवा. हे भरण घालायच्या आधी, कापड सपाट असताना करायचं काम आहे. फुगलेल्या भोपळ्यावर त्रिकोण कधीच सरळ बसत नाही. डोक्याला हिरवी माकडटोपी किंवा हिरवा रुमाल, त्यावर पुठ्ठ्याच्या गुंडाळीचा सात-आठ सेंटीमीटरचा देठ. आत हिरवी किंवा जांभळी पूर्ण बाह्यांची बनियन आणि लेगिंग्ज.

हा तोंड कोरलेला भोपळा आला अमेरिकेतून. त्याआधी आयर्लंडात हाच कंदील सलगमाचा करत. आपल्या बाजारातला लाल भोपळा बाहेरून बऱ्याचदा हिरवट-तपकिरी असतो, केशरी असतो तो आतून. त्यामुळे परकर थोडा विटका असला तरी बिनधास्त वापरा.

फुग्यांचा घड

जगभर हॅलोविनला द्राक्षाच्या घडाचा हा वेश करतात, आणि द्राक्षपट्ट्यातल्या तासगाव-मिरज-पलूसच्या मुलांना तो न शोभला तर कोणाला? हिरवे फुगे घेतले तर सोनाका जातीचा घड, गडद जांभळे घेतले तर शरद सीडलेसचा. दोन्ही रंग मिसळू नका, लांबून नुसती वाढदिवसाची सजावट दिसते.

साहित्य: साधे नऊ इंची फुगे ६० (लागतात ४२-४५, बाकी फुटण्यासाठी), फुग्याच्याच रंगाचा मोठ्या माणसाचा जुना बनियन किंवा टी-शर्ट, जाड दोरा, हिरवा कार्डपेपर, थोडी लवचिक तार. बनियन मुलाच्या गुडघ्यापर्यंत यायला हवा, कारण घड गुडघ्याशी निमुळता संपवायचा आहे. पांढरा बनियन वापरलात तर फुग्यांच्या फटींतून पांढरं डोकावतं.

फुगे दहा-बारा सेंटीमीटरच्या वर फुगवायचे नाहीत. कमी हवेचा फुगा गोल राहतो, जास्त हवा भरली की तो पेरूसारखा लांबट होतो आणि नुसता हात लागला तरी फुटतो. सगळे एकाच मापाचे यावेत म्हणून पुठ्ठ्याला अकरा सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडा आणि प्रत्येक फुगा त्यातून काढून बघा. अडकला तर थोडी हवा सोडा. गाठी मारल्या की दोन-दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना बांधून जोड्या करा, टाके निम्मे होतात.

सेफ्टी पिनेने टोचून लावायचा मोह होईल, पण तो आवरा. पिनेचं तोंड केव्हातरी उघडतं, मग एका पाठोपाठ चार फुगे जातात आणि पुढे मुलाच्या पोटाला टोचतं ते वेगळंच. सुईत दुहेरी दोरा ओवून बनियनला एक टाका घ्या, मग तोच दोरा जोडीच्या मधल्या गाठीभोवती तीन वेढे देऊन बांधा. सुई फुग्यापासून लांब धरायची, म्हणून आधी टाका घ्यायचा आणि मगच फुग्याची जोडी जवळ आणायची.

लावायला सुरुवात खालून करा, म्हणजे वरच्या ओळीचे फुगे खालच्या ओळीच्या गाठी झाकतात. पुढच्या बाजूला खालून वर साधारण ३, ५, ७, ८, ८ अशा ओळी, आणि मागे फक्त खांद्यापासून कमरेपर्यंत दहा-बारा. बसायच्या जागेवर एकही नको. काखेतही नको, नाहीतर हात खाली येत नाहीत आणि मूल तासभर बुजगावण्यासारखं उभं राहतं.

द्राक्षाचं पान पाच टोकांचं आणि कडेला करवती असतं, पिंपळपानासारखं नाही. सांगलीत हे चुकलं तर पहिली हरकत बागायतदार आजोबाच घेतील. तळहाताएवढी तीन पानं कापून हेअरबँडला चिकटवा, आणि तारेला पेन्सिलीभोवती वळसे देऊन दोन ताणे काढा. तारेची टोकं दुमडून त्यांवर सेलोटेप लावा.

रबरी फुगे उन्हात आणि बंद गाडीत तापून फुटतात. चमक यावी म्हणून कोणी खोबरेल तेल चोळायला सांगितलं तर ऐकू नका, तेलाने रबर कमकुवत होतं. आदल्या रात्री फुगवून ठेवले तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकतात, फक्त थोडे मऊ पडतात. तिसऱ्या दिवशी मात्र सुरकुत्या पडून घडाचा बेदाणा होतो. दुचाकीवर अंगात घालून नेऊ नका, वारा निम्मे फुगे ओढून काढतो. मोठ्या चादरीत सैल बांधून न्या आणि तिथे गेल्यावर घाला. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. त्यामुळे तुकडे तिथल्या तिथे उचलायचे, आणि आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर कोणीतरी मोठं माणूस सतत जवळ हवं. घरात दोन-तीन वर्षांचं भावंड असेल तर हा वेश करूच नये.

सापळा

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना भोपळा नको असतो, त्यांच्यासाठी हा. काळा टी-शर्ट, काळी लेगिंग किंवा ट्रॅकपँट, पांढऱ्या अ‍ॅक्रेलिक किंवा फॅब्रिक रंगाची एक बाटली आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, एवढंच लागतं.

होजियरीचं कापड अंगात घातल्यावर ताणलं जातं. टेबलावर सपाट ठेवून रंगवलेली हाडं मग मधोमध तडकतात. त्यामुळे टी-शर्टच्या आत त्याच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद पुठ्ठा कोंबून कापड ताणून घ्या आणि मगच रंगवा. द्राक्षाची किंवा बेदाण्याची पेटी उलगडली की नेमका असा पुठ्ठा मिळतो. पुठ्ठ्यामुळे रंग पाठीकडच्या कापडाला लागत नाही, हा आणखी एक फायदा. बाह्यांत आणि पँटच्या पायांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घाला.

खडूने आधी आखा. छातीच्या मधोमध तीन सेंटीमीटर रुंद, पंचवीस सेंटीमीटर लांब पट्टी. तिच्यापासून दोन्ही बाजूंना फासळ्या. माणसाला फासळ्यांच्या बारा जोड्या असतात, पण टी-शर्टवर सहा-सात पुरे. बारा काढल्या तर सगळं मिळून पांढरा पट्टा दिसतो. फासळी दोन सेंटीमीटर रुंद, मधलं अंतरही तेवढंच. टोकं गोल करा आणि कडेला जाताना रेघ खाली वळवा. सरळ आडव्या रेघा मारल्या की सापळ्याऐवजी झेब्रा तयार होतो. दंडात आणि मांडीत एकेक हाड, कोपराखाली आणि गुडघ्याखाली दोन-दोन, गुडघ्यावर वाटी. कमरेचं हाड पँटवर काढा, साधारण फुलपाखराच्या आकाराचं.

रंगात पाणी घालू नका, काळ्या होजियरीत तो पसरून कडा फुटतात. ब्रश ओढण्यापेक्षा स्पंजने टिपत जा. पहिला हात वाळून राखाडी दिसेल, घाबरू नका. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा पातळ हात द्या. एकाच वेळी जाड थर दिला तर रात्रभर ओला राहतो आणि वाळल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक होऊन अंगाला खुपतो. पुठ्ठा रंग पूर्ण वाळल्यावरच बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने इस्त्री फिरवली की फॅब्रिक रंग पक्का होतो आणि टी-शर्ट पुढच्या वर्षीही कामाला येतो.

हडळ, जवळजवळ फुकटात

परदेशी चेटकिणीच्या टोपीवर पैसे घालण्यापेक्षा आपली हडळ काय वाईट आहे? पांढरी किंवा फिकट जुनी सुती साडी, मोकळे केस आणि उलटे पाय. सगळी गंमत त्या उलट्या पायांत. पुठ्ठ्यावर मुलाच्या पावलाचा ठसा काढा, बोटांसकट कापा, त्वचेच्या रंगाचा कागद किंवा जुने मोजे त्यावर चढवा आणि ही पावलं बोटं मागच्या दिशेला करून चपलेच्या टाचेला दुहेरी टेपने चिकटवा. ती टाचेच्या मागे आठ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नयेत, जिना उतरताना अडकतात. खरी बोटं साडीच्या निऱ्यांखाली झाकली जातील इतपतच साडी लांब ठेवा. जमिनीवर लोळली तर मूल तिच्यावरच पाय देऊन पडेल. साडी नेसवण्याआधी आतून लेगिंग घालून द्या.

चेहरा आणि रक्त

मढ्यासारखा तडकलेला चेहरा हवा असेल तर मुलतानी माती. दोन चमचे मातीत पाणी घालून दह्याएवढा घट्ट लेप करा आणि डोळे-ओठ सोडून जाडसर लावा. पंधरा-वीस मिनिटांत वाळत आला की मुलाला गाल फुगवून तोंड वाकडं करायला सांगा. लेपाला आपोआप भेगा पडतात आणि त्या कुठल्याही विकतच्या मेकअपपेक्षा खऱ्या दिसतात. तासाभराने धुऊन टाका, कारण कातडी ओढली जाऊन खाज सुटते. डोळ्यांभोवती काजळ बोटाने पसरवलं की खोबण्या तयार.

शेंदूर चेहऱ्याला अजिबात लावू नका, पारंपरिक शेंदरात शिसं असतं. स्वस्त कुंकवाचा रंग दोन दिवस गालावर राहतो, आणि सोमवारी शाळेत सगळ्यांना कळतं. ऑइल पेंट, मार्कर यांचं तर नावच काढू नये. जे काही लावाल ते आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

ओठांच्या कडेने ओघळणारं रक्त करायला काकवी उत्तम, ऊसपट्ट्यात ती मिळायला काही अडचण नाही. चार चमचे काकवी, पाव चमचा खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं चकचकीत लाल दिसतं. पातळ वाटलं तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर. हे तोंडात गेलं तरी चालतं, पण मुंग्या नक्की येतात, म्हणून मूल गवतावर बसणार असेल तर काकवीऐवजी पेट्रोलियम जेलीत रंग कालवा.

कपड्यावरचे वाळलेले डाग वेगळ्या तऱ्हेने करा, आणि त्याला सांगलीचीच हळद लागते. एक चमचा हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून चादरीवर किंवा साडीवर शिंतोडे उडवा. पिवळे डाग अर्धवट वाळले की त्यांवर कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी ब्रशने टिपा. डाग डोळ्यांदेखत लाल-तपकिरी होतात. हळदीत चुना घालून कुंकू करतात त्यामागे हेच आहे: क्षारात हळद लाल होते. चुना मात्र इथे वापरू नका, मुलाच्या अंगाला लागला तर भाजतो. लिंबू लागलं तर डाग परत पिवळा पडतो, तेव्हा सरबताचा ग्लास सांभाळून. हे डाग धुऊन पूर्ण जात नाहीत, म्हणून टाकून द्यायचंच कापड घ्या.

चिकटवणं, आणि सोबत काय न्यायचं

फेविकॉलला कापडावर रात्रभर वेळ द्यावा लागतो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चिकटवलेलं संध्याकाळी गळतं. सेलोटेप कापडावर टिकत नाहीच. पुठ्ठा वाकवायचा असेल तर त्याच्या आतल्या नळ्या ज्या दिशेने जातात त्या दिशेच्या रेघेवरच वाकवा, आडवा वाकवलात तर मोडून सुरकुततो. थर्माकोल टाळा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही त्यावर ऑइल पेंट किंवा रबरी सोल्युशन लावलं की तो विरघळतो. कंदील हातात द्यायचा तर आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा. डोळ्यांना भोकं पाडून अंगावर चादर टाकण्याचा प्रकार तर सोडूनच द्या. चादर फिरते, भोकं कानापाशी जातात आणि मूल आंधळं होतं. चादर डोक्यावरून पदरासारखी घेऊन चेहरा रंगवला तरी भूत तेवढंच दिसतं.

सोबतच्या पिशवीत सुई-दोरा, चार सेफ्टी पिना, दहा न फुगवलेले फुगे, ओला रुमाल, पाण्याची बाटली, स्ट्रॉ (लेप लावलेल्या तोंडाने ग्लास लावता येत नाही) आणि घरी परतताना घालायला एक साधा टी-शर्ट. वेश दोन दिवस आधी एकदा पूर्ण घालून मुलाला जिना चढ-उतार करायला लावा, खुर्चीत बसवा. काय सुटतं, काय टोचतं, ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला एक रात्र हाताशी राहते.

कार्यक्रम झाल्यावर परकराच्या नेफ्याची शिवण उसवून भरण काढा, खालची टीप आणि इलॅस्टिक काढा, धावदोरे ओढून घ्या. डोळे-तोंडाचं काळं कापड कोमट पाण्यात तासभर भिजवलं की फेविकॉल सुटतो, आणि परकर पुन्हा नेसता येतो.